ऊन आधी, पाणी नंतर: बाहेरच्या चार कॅमेऱ्यांच्या नोंदी

८ मार्च

आजपासून लिहून ठेवतो आहे. इमारतीच्या बाहेर चार कॅमेरे आहेत: फाटकावर आणि गच्चीवर बुलेट (नळीसारखे लांबट), पार्किंगमध्ये आणि मागच्या भिंतीवर डोम (पारदर्शक घुमटाखालचे). चारही एकाच दिवशी बसवलेले, चारही पेट्यांवर आयपी ६६ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) छापलेलं. दोन वर्षं झाली. आज शिडी लावून एकेक जवळून पाहिला.

फाटकाच्या कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला. सकाळी तासभर चित्र पांढरंफटक होतं, आत येणाऱ्या माणसाचा चेहरा म्हणजे नुसता काळा आकार. मागच्या भिंतीवर दुपारपासून मावळेपर्यंत ऊन. तिथला डोम पिवळा पडलाय, प्लॅस्टिकवर बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी बोटाला लागते. गच्चीवरच्या कॅमेऱ्यात पहाटे आतून धुकं धरतं आणि ऊन चढलं की विरतं. पार्किंगच्या कॅमेऱ्याची काहीच तक्रार नाही.

त्या चौथ्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. तो आणि मागच्या भिंतीवरचा अगदी जुळे. पाऊस दोघांनाही लागतो. पार्किंगच्या स्लॅबखाली झड चांगली आतवर येते, भिंतीवर ओघळांच्या खुणा आहेत. फरक एकच: पार्किंगच्या कॅमेऱ्याने दोन वर्षांत ऊन पाहिलेलं नाही. बाहेरचा कॅमेरा म्हटलं की आपण पावसाचाच विचार करतो, सिलिकॉनची नळी घेऊन धावतो. माझा अंदाज असा की पाणी नंतर येतं, त्याला वाट करून देतं ते ऊन. हा अंदाज तपासायचा आणि चारही कॅमेरे नीट करायचे, एवढंच काम.

१० मार्च

गच्चीवरचा कॅमेरा उतरवून टेबलावर उघडला. पुढच्या काचेचं कडं फिरवून काढलं तशी आतली रबरी रिंग हातात आली. नवी रिंग बोटाने दाबली की दबते आणि सोडली की लगेच गोल होते. ही चपटी होऊन तशीच राहिली होती. खालच्या बाजूला अजून थोडी मऊ, वरच्या बाजूला पार कडक. वरचा भाग वाकवला तर केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. वरचा भाग म्हणजे उन्हाकडचा. तिथूनच एक तपकिरी ओघळ आत उतरला होता, लेन्सशेजारच्या स्क्रूपाशी थांबला होता, आणि त्या स्क्रूभोवती गंजाचं कडं होतं.

रात्री हिशेब मांडला. कॅमेऱ्याच्या डब्यात थोडी हवा असते. दुपारी डबा ६० अंशांवर गेला की ती फुगते आणि फट मिळेल तिथून थोडी बाहेर पडते. मग एकदम सर येते. डबा काही मिनिटांत २५ अंशांच्या आसपास उतरतो. आतली हवा आकसते, दाब साधारण १० टक्क्यांनी घटतो. १० टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तो सुमारे १ मीटर खोल पाण्याइतका दाब झाला. आणि नेमक्या त्याच वेळी रिंगेच्या भेगेवर पावसाचं पाणी साचलेलं असतं. कॅमेरा ते पाणी ओढून घेतो. पाऊस आत शिरत नाही, तापलेला डबा त्याला आत खेचतो.

आयपी ६६ चं काय मग? हा आकडा आयईसी ६०५२९ या मानकातला. पहिला ६ धुळीचा: धूळ अजिबात आत जाता कामा नये. दुसरा ६ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा: १२.५ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर पाणी, किमान ३ मिनिटं, सगळ्या बाजूंनी. चाचणी कडकच आहे. पण तिथे पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांहून जास्त अंतर नसावं असं धरलेलं असतं. तापलेल्या डब्यावर गार सर, हा प्रसंगच त्या परीक्षेत नाही. शिवाय परीक्षा कोऱ्या वस्तूची. दोन वर्षं उन्हात राहिलेल्या रिंगेची नाही. आकडा खोटा नाही, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो माझा प्रश्न नाही.

११ मार्च

कॅमेरा उघडाच ठेवून झाकणबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला. दोन दिवस राहू देणार. हेअर ड्रायर मारायचा मोह झाला होता, पण गरम हवेने आतली वाफ लेन्सच्या भिंगांमध्ये जाऊन बसायची भीती असते. सावकाश वाळलेलं बरं. त्याच मापाची नवी सिलिकॉन रबराची रिंग शोधतोय. साध्या रबरापेक्षा ते उन्हात खूप जास्त टिकतं.

१५ मार्च

दुपारी २ वाजता मोजमाप. तापमान मोजायची तार प्रत्येक कॅमेऱ्याच्या माथ्यावर चिकटवली. सावलीतली हवा ३४ अंश. पार्किंगचा कॅमेरा ३८. मागच्या भिंतीवरचा ५९. गच्चीवरचा कॅमेरा उतरवलेला आहे म्हणून तिथे त्याच रंगाचा रिकामा डबा ठेवला, तोही ५७ वर गेला.

पेटीवर ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलंय, पण ती मर्यादा भोवतालच्या हवेची आहे. त्यात उन्हाचा मारा धरलेला नाही. स्वच्छ दुपारी सूर्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे १००० वॉटच्या आसपास ऊन पडतं. त्यात कॅमेऱ्याची स्वतःची उष्णता मिळवा. डबा जितका तापतो त्याहून आतला सर्किट बोर्ड तापलेला असतो.

उष्णतेचं नुकसान ताबडतोब दिसत नाही म्हणून फसायला होतं. विजेच्या सर्किटमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं (वीज साठवून सोडणारा भाग) आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. चित्र टिपणाऱ्या सेन्सरमध्ये अंधारातही थोडा विद्युतप्रवाह झिरपत असतो, तो दर ६ ते ८ अंशांना दुप्पट होतो. चित्रात त्याचेच रवे दिसतात. मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याचं संध्याकाळचं चित्र पार्किंगपेक्षा खरखरीत का येतं हे आज कळलं. उजेड दोन्हीकडे सारखाच असतो, पण भिंत अंधार पडल्यावरही तास-दोन तास तापलेली राहते.

२१ मार्च

काल-आज सूर्य बरोबर पूर्वेला उगवतोय, म्हणजे फाटकाच्या कॅमेऱ्याच्या थेट डोळ्यात. मुद्दाम सकाळी साडेसहापासून स्क्रीनसमोर बसलो.

आधी मला वाटायचं की वाइड डायनॅमिक रेंज चालू केली की भागेल. ती चालूच होती. उजळ आणि काळोखी भागांचा तोल ती सांभाळते, पण सूर्य स्वतः चित्रात आला की लेन्सच्या आतच प्रकाश भिंगा-भिंगावर आपटून पसरतो, आणि जे काचेत बिघडलं ते पुढे कुठलंही सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही. आणखी एक गोष्ट जास्त गंभीर आहे. लेन्स सूर्याला सेन्सरवर एका बिंदूत गोळा करते, लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसंच. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी, निळी अशी सूक्ष्म गाळणी असते, ती रोज त्याच रेषेवर भाजत राहिली तर रंग उडतात आणि चित्रावर कायमचा पट्टा उमटतो. आपल्या चित्रात तसा पट्टा अजून नाही. वेळेत लक्ष गेलं म्हणायचं.

उपाय दोन भागांत केला. कॅमेरा उत्तरेकडे २० अंश वळवला, आणि खाली झुकवला. त्याची उभी नजर सुमारे ५० अंशांची. म्हणजे मधली रेघ क्षितिजाच्या २५ अंश खाली नेली की क्षितिज चित्राच्या वरच्या कडेला लागतं आणि उगवता-मावळता सूर्य चित्रात येऊच शकत नाही. मी २८ ठेवले. समोरची झाडं आणि आकाश चित्रातून गेलं, फाटक आणि वाट राहिली. आकाशावर पहारा ठेवायचा नाहीच. उलट चित्रातला आकाशाचा लखलखाट गेल्यामुळे दिवसभराचंच चित्र सुधारलं. कॅमेऱ्याला टोपी घालायच्या आधी तो कुठे पाहतोय हे बघायला हवं होतं.

काचेवर तिरीप अजून पडतेच, तिच्यासाठी पुढे आलेली टोपी लागणार.

२७ मार्च

टोपीचा पहिला प्रयत्न आणि तो चुकला. ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा कापून वाकवला, मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या माथ्यावर दोन बाजूंनी टेकवून बसवला. चकाकतो म्हणजे ऊन परतवेल अशी समजूत. दुपारी मोजलं तर हवा ३५ आणि कॅमेरा ५६. एवढ्या खटाटोपाने दोन-तीन अंश.

कारण शोधलं तेव्हा ही गोष्ट मनात पक्की बसली. चकचकीत धातू ऊन परतवतो हे खरं, पण जे थोडं शोषतो ते सोडायला फार चिक्कू. उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्यात तो पांढऱ्या रंगाच्या जवळपासही नाही. पांढरा ऑइल पेंट ऊनही परतवतो आणि तापला की उष्णता भराभर सोडतोही. म्हणून उन्हात उघडा चकचकीत पत्रा हाताला चटका देतो आणि शेजारचा पांढरा पत्रा त्या मानाने सोसवतो. दुसरी चूक टेकवण्याची. पत्र्याची सगळी झळ टेकलेल्या जागेतून कॅमेऱ्यातच उतरत होती.

हवामान केंद्रात तापमापक ठेवायची पांढरी लाकडी पेटी आठवली. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात ती बनवली. पांढरा रंग, चारही बाजूंना झडपांच्या दुहेरी भिंती, आणि वारा आरपार. तापमापकाला ऊन दिसू द्यायचं नाही पण हवा लागू द्यायची, एवढाच विचार आहे त्यात. दीडशे वर्षं होऊन गेली तरी तो बदलावा लागलेला नाही. कॅमेऱ्यालाही नेमकं हेच हवंय.

३ एप्रिल

दुसरी टोपी. तोच पत्रा घासून प्रायमर लावला, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात. कॅमेऱ्याला कुठेही टेकत नाही: मागच्या पाट्यावर प्लॅस्टिकच्या नळीचे २५ मिलिमीटरचे तुकडे घालून स्क्रूने तोलली आहे. पुढून आणि मागून उघडी, म्हणजे तापलेली हवा मागच्या बाजूने वर निघून जाते आणि पुढून गार हवा येते. पश्चिमेकडची बाजू कॅमेऱ्याच्या खालच्या कडेपर्यंत उतरवली, कारण तिथलं ऊन डोक्यावरून कमी आणि कुशीत जास्त येतं. ही गोष्ट विकतच्या टोप्यांमध्ये क्वचितच दिसते, त्या फक्त माथा झाकतात.

हवा ३६, कॅमेरा ४३. आधीच्या टोपीपेक्षा १३ अंशांनी कमी, आणि तेही हवा एका अंशाने जास्त असताना. आकडा पाहून फार बरं वाटलं. पत्रा तोच, कात्री तीच. बदललं काय, तर रंग आणि बोटभर पोकळी.

आता गच्ची आणि फाटक.

६ एप्रिल

रात्रपाळीच्या रखवालदार काकांनी सकाळी गाठलं. म्हणाले, "अहो, परवापासून मागचं चित्र दुधाळ दिसतंय. कुणी गेलं तरी भूत चालल्यासारखं वाटतं."

रात्री बघायला गेलो. दोष माझ्या टोपीचा. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लेन्सच्या भोवतीच असतात, त्यांचा उजेड ८५० नॅनोमीटरचा, आपल्याला जेमतेम लालसर ठिपका दिसतो. टोपीचा पांढरा काठ लेन्सच्या पुढे ६० मिलिमीटर आलेला, तो उजेड काठाच्या आतल्या अंगावर आपटून परत काचेत शिरत होता.

काठ मागे घेतला, आता तो काचेच्या पुढे ३० मिलिमीटर आहे. काठाच्या आतल्या बाजूला निस्तेज काळा रंग दिला. पण इथे पुन्हा एक गंमत: पहिला काळा रंग डोळ्यांना काळाकुट्ट दिसत होता, कॅमेऱ्याच्या रात्रीच्या चित्रात मात्र राखाडी, जवळजवळ पांढरा. डोळ्याला काळं ते इन्फ्रारेडला काळं असेलच असं नाही. मग तीन-चार काळ्या रंगांचे फराटे पुठ्ठ्यावर ओढले, दिवे मालवून त्याच कॅमेऱ्यासमोर धरले आणि जो खरोखर काळा दिसला तो वापरला. काकांनी संध्याकाळी स्वतः स्क्रीन पाहून "आता कसं!" म्हटलं तेव्हा काम संपलं.

त्यांचं निरीक्षण वेगळं लिहून ठेवायला हवं. मी दिवसा मोजमापं घेत होतो आणि कॅमेऱ्याची खरी नोकरी रात्रीची आहे.

१९ एप्रिल

मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याला नवा डोम लावला. जुना पॉलिकार्बोनेटचा. हातोडीचा घावही सोसेल इतका चिवट, पण उन्हातली अतिनील किरणं त्याला पिवळा करतात. ॲक्रिलिक उन्हात खूप जास्त काळ स्वच्छ राहतं, मात्र दगड लागला तर तडकतं. आमच्या मागच्या भिंतीला दगडाचं भय नाही, उन्हाचं आहे, म्हणून ॲक्रिलिक. फाटकासारख्या हाताला येणाऱ्या ठिकाणी डोम असता तर पॉलिकार्बोनेटच घेतला असता, अतिनील थर दिलेला.

जुन्या डोमची बाहेरची बाजू भिंगाखाली पाहिली. बारीक रेघांचं जाळं होतं, आणि ते उन्हाचं काम नव्हतं. कुणीतरी काच पुसायच्या फवाऱ्याने आणि कोरड्या फडक्याने तो नियमित पुसत होतं. त्या फवाऱ्यांत अनेकदा अमोनिया असतो, पॉलिकार्बोनेटला त्याने सूक्ष्म भेगा पडतात. आणि कोरड्या फडक्याखाली धूळ म्हणजे सँडपेपर. आता पद्धत ठरवली: आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मग सौम्य साबणाचं पाणी, मग मऊ मायक्रोफायबर. घासायचं नाही.

३ मे

बारीकसारीक. पांढरे केबल टाय बोटाने वाकवले तर तीनांतले दोन कटकन तुटले. सगळे काळे, उन्हात टिकणाऱ्या नायलॉनचे लावले. काळ्या रंगातला कार्बन अतिनील किरणं स्वतः झेलतो, म्हणून बाहेरची केबलही काळ्या आवरणाचीच घ्यावी. स्क्रू बदलले, आता स्टेनलेस. ॲल्युमिनियमच्या पाट्यात साधे लोखंडी स्क्रू घातले होते, ओल म्हटल्यावर गंज ठरलेला.

१८ मे

केबलचे जोड. या दिवसाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि पुन्हा करायचं झालं तर तेवढाच देईन.

गच्चीवरच्या कॅमेऱ्याची शेपटी आणि भिंतीतून आलेली केबल यांचा जोड पिवळ्या चिकटपट्टीत गुंडाळून पत्र्यावर नुसता टाकलेला होता. पट्टी सोडवली तशी पाण्याचा थेंब मनगटावर आला. केबलच्या टोकाच्या आरजे-४५ प्लगमधल्या आठ पिनांपैकी चार हिरव्यागार. चारच का, ते लगेच कळलं नाही. याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जाते, पन्नास व्होल्टच्या आसपास, एका दिशेची. पिनांवर ओल आली की त्या व्होल्टेजने विद्युतविघटन सुरू होतं आणि वीज वाहणाऱ्या पिनांचा धातू झिजत जातो. ओल साधी असती तर वाळली असती. वीज असल्यामुळे ती पिना खाते. गेल्या वर्षभर हा कॅमेरा अधूनमधून बंद पडून आपोआप चालू होत होता, त्याचं मूळ इथे.

जोड कापून टाकला, नवा प्लग दाबून बसवला, पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात दिला. मग स्वतःत एकजीव होणारी रबरी पट्टी. ती चिकटपट्टीसारखी नुसती गुंडाळायची नसते. ताणून जवळजवळ दुप्पट लांब करायची आणि खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो, कौलं बसतात तसा. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याचं तोंड आभाळाकडे उघडं राहतं. त्यावर उन्हासाठी काळ्या पीव्हीसी पट्टीचा एक थर.

जोड आता बंद डब्यात आहे. केबल डब्याच्या खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) आत जाते, आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलाय. पाणी केबलवरून वाहत आलं तरी झोळाच्या तळाशी टपकेल, वर चढून डब्यात जाणार नाही. डब्याच्या तळाला ४ मिलिमीटरचं भोक पाडलं. त्यावर शेजाऱ्यांनी हरकत घेतली: "पाणी जाऊ नये म्हणून डबा, आणि त्यालाच भोक?" डबा कितीही बंद केला तरी तोही कॅमेऱ्यासारखाच श्वास घेतो. पाणी थोडंफार येणारच. ते साचू न देणं आपल्या हातात आहे.

डब्याच्या वरच्या कडेला आणि बाजूंना सिलिकॉन भरलं, खालची कड मोकळी. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर प्रकारचं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, बंद डब्यात तेच तांब्यावर जाऊन बसतं. 

९ जून

रात्री पहिला मोठा पाऊस. सकाळी सहालाच शिडी काढली.

गच्ची कोरडी. मागची भिंत कोरडी. फाटकाच्या काचेवर थोडे थेंब, आत काही नाही. आणि पार्किंगचा कॅमेरा बंद.

हो, तोच. ज्याला मी हातही लावला नव्हता, ज्याच्या भरवशावर पहिल्या दिवशी उन्हाचा सिद्धांत मांडला होता. डोम उघडला तर आतल्या वाटीत दोन चमचे पाणी. रिंग ठणठणीत, मऊ, एकही भेग नाही. तेव्हा हे पाणी रिंगेतून आलेलं नाही.

केबलचा माग काढत वर गेलो. ती गच्चीवरून पीव्हीसी पाइपातून खाली येते. पाइपाचं वरचं तोंड आभाळाकडे उघडं, आणि मीच गेल्या महिन्यात गच्चीवरचे जोड करताना ते झाकणारं जुनं कापडाचं बूच काढून टाकलं होतं. रात्रभर पाइपाने पावसाचं पाणी गोळा करून सरळ डोमच्या पाठीत ओतलं.

सिद्धांत मोडला असं नाही, पण अपुरा होता. ऊन वाट उघडतं हे गच्चीवर आणि मागच्या भिंतीवर खरं ठरलं. पाण्याची दुसरी वाट केबल हीच आहे आणि ती सावलीतही उघडी असते. पार्किंगचा कॅमेरा दोन वर्षं टिकला तो सावलीमुळे आणि त्या कापडाच्या बोळ्यामुळे, दोन्हीमुळे. मी फक्त सावली पाहिली होती.

१० जून

पाइपाच्या वरच्या तोंडाला काठीच्या मुठीसारखं वळण बसवलं, तोंड जमिनीकडे. खालच्या टोकाला, कॅमेऱ्याच्या अलीकडे, पाइप कापून हातभर केबल मोकळी सोडली आणि झोळ दिला. पाइपाच्या सगळ्यात खालच्या बिंदूला भोक. बाकी तिन्ही कॅमेऱ्यांच्या पाइपांची तोंडं तपासली, फाटकाचंही उघडंच निघालं.

पार्किंगचा कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात चार दिवस.

१४ जून

वाळला, चालू झाला. आत सिलिका जेलची नवी पुडी चिकटवली.

२३ जुलै

आठवडाभर ओलं, ऊन नाही. या दिवसांत धुक्याच्या दोन तक्रारी आल्या. दोन्ही वेळा आधी बोटाने काच पुसून पाहिली. पुसलं की जातं ते बाहेरचं दव, त्याची चिंता नाही. बोटाखालीही धुकं तसंच राहिलं तर ते आतलं, तेव्हा डबा उतरवावा. दोन्ही वेळा बाहेरचं होतं, दोन्ही वेळा फाटकाचं. गच्चीची काच मात्र टोपी बसल्यापासून पहाटे कोरडी असते. निरभ्र रात्री उघडी काच आभाळाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव धरतं. टोपीने तिला आभाळ दिसायचं बंद झालं. दिवसा ऊन अडवायला केलेला पत्रा रात्रीही कामी येतोय, हे ठरवलेलं नव्हतं. फाटकाच्या टोपीचा काठ आखूड राहिलाय, तो वाढवायचा, अर्थात आतून काळा.

कोळी. दिव्यांच्या उबेला आणि उजेडाला कीटक येतात, कीटकांमागे कोळी, आणि जाळ्याचा एकच धागा रात्रीच्या चित्रात दोरखंडाएवढा दिसतो. वारा आला की हालचाल समजून रेकॉर्डिंग सुरू. टोपीखालची पोकळी त्यांना फार आवडलेली दिसते. दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने झाडायचं, काकांनी ते काम आपणहून घेतलंय. खरा उपाय इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दूर, वेगळा बसवण्याचा. फाटकावर करून पाहणार.

२ ऑगस्ट

विजांचा रात्रभर कडकडाट. काही जळालं नाही. गच्चीच्या केबलला लाटरोधक (विजेचा अचानक आलेला लोट जमिनीत उतरवणारा डबा) लावलेला आहे, पण त्याची अर्थिंगची तार नुसती पाट्याला गुंडाळलेली सापडली. अर्थिंगशिवाय तो डबा शोभेचाच. आज इमारतीच्या अर्थिंगला जोडून घेतली.

२३ सप्टेंबर

सूर्य परत बरोबर पूर्वेला. साडेसहाला स्क्रीनसमोर. दूधवाले फाटकातून आले तेव्हा चेहरा, सायकलच्या हँडलची पिशवी, सगळं स्पष्ट. सूर्य चित्राच्या वरच्या कडेबाहेर, टोपीची सावली काचेवर. मार्चमधलं साठवलेलं चित्र शेजारी लावून काकांना दाखवलं. ते म्हणाले, "हा कॅमेरा बदलला का?"

दुपारी गच्चीवरचा उघडला. रिंग दाबली, सोडली, गोल झाली. पुडीतले दाणे नारिंगीच आहेत, ओल प्यायले असते तर हिरवट झाले असते. लेन्सशेजारच्या स्क्रूवर नवा गंज नाही. मागच्या भिंतीवरच्या टोपीचा एक नळीचा तुकडा उन्हाने तडकलाय आणि पत्रा त्या कोपऱ्यात कॅमेऱ्याला टेकायला आलाय. तुकडा पांढऱ्या प्लॅस्टिकचा होता. उद्या तिन्ही टोप्यांचे तुकडे काढून ॲल्युमिनियमच्या नळीचे घालतो, खाली फायबरचा वॉशर देऊन, म्हणजे झळ उतरणार नाही.

२४ सप्टेंबर

घातले. दुपारी २ ला हवा ३२, मागची भिंत ३८.